जन्म-मृत्यू नोंदीतली चूक दुरुस्त करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी नोकरीची बरीच वर्षं काढली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. कायदा एकच आहे: जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. त्यात २०२३ साली मोठी सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. महाराष्ट्राचे नियम २००० सालचे.

दाखल्यावर नाव चुकलंय. सुरुवात कुठून करू?

मूळ नोंदवहीपासून. हातातला दाखला ही नोंदीची नक्कल असते. चूक नकलेत आहे की नोंदीत, हे कळल्याशिवाय अर्ज लिहूच नका. निम्म्याहून जास्त धावपळ लोक उगाच करतात ती याच कारणाने.

बाळ दवाखान्यात जन्मलं की तिथे नमुना १ भरला जातो. त्याचे दोन भाग असतात. एक कायदेविषयक माहितीचा, ज्यात बाळाचं नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं आणि पत्ता येतो. दुसरा सांख्यिकी माहितीचा. पहिला भाग निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कायमचा राहतो आणि असे कागद बांधून नोंदवही तयार होते. त्यावरून संगणकात नोंद होते आणि तिथून दाखला छापला जातो. म्हणजे चूक शिरायच्या जागा तीन: दवाखान्यात फॉर्म भरताना, नोंद चढवताना आणि दाखला काढताना.

कार्यालयात जाऊन नोंदणी क्रमांक आणि वर्ष सांगा आणि मूळ पान दाखवायची विनंती करा. फॉर्मवर ‘कुलकर्णी’ आहे आणि दाखल्यावर ‘कुळकर्णी’ छापलंय, तर काम सोपं आहे. चूक कार्यालयाची, पुरावा त्यांच्याच कपाटात. फॉर्मवरच चुकीचं लिहिलेलं असेल, तर पुरावा तुम्हाला आणावा लागेल. त्या फॉर्मच्या तळाशी माहिती देणाऱ्याची सही असते, तीही बघून घ्या. आजोबांनी किंवा मामाने घाईत सही केलेली असते आणि माहितीही त्यांनीच दिलेली असते. चूक कशी झाली हे सांगायला तोच माणूस सगळ्यात जवळचा साक्षीदार.

अर्ज कुठे द्यायचा? आम्ही आता पुण्यात राहतो.

जिथे जन्म किंवा मृत्यू झाला तिथे. राहता पत्ता कुठलाही असो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे मूल पुण्यात वाढतं आणि त्याची नोंद बार्शी किंवा चिपळूणच्या नगरपरिषदेत असते. पुण्याच्या महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. मुंबईत ज्या वॉर्डाच्या हद्दीत दवाखाना आहे, त्या वॉर्डाचं कार्यालय. गावात घरी जन्म किंवा मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायत; तिथले ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच निबंधक असतात.

आईवडील अर्ज करू शकतात. व्यक्ती सज्ञान असेल तर तिने स्वतः करावा.

आम्हाला सांगितलं की कोर्टाची ऑर्डर आणा. खरंच लागते का?

नोंद आहे आणि तिच्यात चूक आहे, एवढंच असेल तर लागत नाही. अधिनियमाच्या कलम १५ ने दुरुस्तीचा अधिकार निबंधकालाच दिला आहे. नोंद चुकीची आहे अशी त्याची खात्री पटली की तो दुरुस्ती करू शकतो किंवा नोंद रद्द करू शकतो.

हा घोळ होतो कलम १३ मुळे. ते उशिरा नोंदणी करण्याबद्दल आहे. घटनेपासून २१ दिवसांत नोंद फुकट होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हा आदेश पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या सुधारणेनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. हे सगळं नोंदच झालेली नसताना. नाव, तारीख किंवा पत्ता चुकलेल्या माणसाला या रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे, आणि ते सर्रास होतं याचं मला वाईट वाटतं. एखादी बाई दोन दिवसांची मजुरी बुडवून येते आणि तिला वकिलाकडे पाठवलं जातं.

असं झालं तर अर्जात स्पष्ट लिहा: ‘अधिनियमाच्या कलम १५ व महाराष्ट्र नियमांतील नियम ११ नुसार दुरुस्ती व्हावी.’ कलम लिहिलं की कागद बहुतेक वेळा योग्य टेबलावर जातो.

वाद असेल तर गोष्ट निराळी. वडील कोण यावरच भांडण आहे, किंवा दोन वारसांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या आहेत, असा तंटा निबंधक मिटवू शकत नाही. तिथे न्यायालयच.

लेखनचूक आणि मजकुरातली चूक यात काय फरक?

वेलांटी, काना, एखादं अक्षर गळणं, ‘पु’ च्या जागी ‘स्त्री’ ला खूण होणं, फॉर्मवर बरोबर असलेली तारीख संगणकात चुकणं या लेखनचुका. निबंधक चौकशी करून त्या दुरुस्त करतो.

आईचं नावच वेगळं लागलंय, जन्मतारीख वेगळी आहे, तर ती मजकुरातली चूक. यासाठी नियमाला दोन विश्वासू, प्रकरणाची माहिती असलेल्या व्यक्तींचं निवेदन लागतं. चूक काय आहे आणि खरी वस्तुस्थिती काय, हे दोन्ही त्यात हवं. शेजारचे कोणीही दोघे आणून सह्या करू नका. बाळंतपणाच्या वेळी हजर असलेली मावशी, सुईण, तेव्हाचे घरमालक अशी माणसं शोधा.

तिसरा प्रकार खोट्या नोंदीचा. त्यात निबंधक परस्पर काही करत नाही, वरिष्ठांकडे अहवाल पाठवतो. खोटे कागद जोडून दुरुस्ती करून घेणाऱ्यांवर फौजदारी गुन्हा दाखल होतो.

कोणते कागद जोडायचे?

लोक आधार, पॅन आणि मतदान कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणतात. पण २०१५ साली काढलेलं आधार १९९८ च्या जन्माबद्दल फारसं काही सिद्ध करत नाही, कारण आधारवरची माहिती तुम्हीच दिलेली असते. घटनेच्या जितक्या जवळचा कागद, तितकं त्याचं वजन जास्त. म्हणून हे शोधा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, प्रसूती नोंदवहीचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली नोंद, शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा म्हणजे जनरल रजिस्टरचा पहिलीचा उतारा. आईवडिलांच्या नावाची चूक असेल तर त्यांचे शाळेचे दाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला.

फॉर्म दवाखान्याने चुकीचा भरला असेल तर दवाखान्याच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात प्रसूती नोंदवहीतला अनुक्रमांक आणि दिनांक, मूळ चूक आणि योग्य मजकूर असावा. ‘सदर नाव दुरुस्त करावे’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावर निबंधक सही करायला कचरतो, आणि त्यात त्याचं चुकतं असं नाही. दवाखाना बंद पडला असेल तर डॉक्टर किंवा त्यांचे वारस जुनी वही ठेवून आहेत का ते विचारा. नसेलच, तर साक्षीदार आणि शाळेचा उतारा यांवर भर द्या.

प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर करायचं का?

नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० च्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला, आणि कोर्टाच्या आवारात सगळ्यांनाच पाचशेचा विकला जाऊ लागला. पण शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर करा.

दुरुस्ती झाल्यावर जुनी नोंद खोडतात का?

कधीच नाही. मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, त्याखाली निबंधकाने सही करून तारीख टाकायची, असं कायदाच सांगतो. जुन्या वहीचं एखादं पान डोळ्यांसमोर आणा. निळ्या शाईत ‘सुमन’, शेजारच्या अरुंद समासात लाल शाईत ‘नाव सुमन ऐवजी सुमती वाचावे’, खाली तिरकी सही, गोल शिक्का आणि तारीख. काही वर्षांनी कोणी शंका काढली तर हे पान तुमच्या बाजूने बोलतं. व्हाइटनर लावून वर नवीन लिहिलेली नोंद मात्र कायमची संशयात सापडते. कोणी ‘लगेच करून देतो’ म्हणत वहीत खाडाखोड करू लागला तर त्याला थांबवा.

दाखल्यावर बाळाचं नावच नाही. ही चूक आहे का?

नाही. दवाखान्यातून फॉर्म जातो तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो. कलम १४ प्रमाणे नाव नंतर भरता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १५ वर्षं उलटलेल्यांसाठी सरकारने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे. सध्या मुदत चालू आहे का, ते कार्यालयात विचारा आणि चालू असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या.

एक कळकळीची सूचना. नाव भरताना पूर्ण नाव, म्हणजे मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव, जसं पुढे शाळेत घालणार आहात तसंच लिहा. इंग्रजी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. ‘लक्ष्मी’ मध्ये ‘के-एस-एच’ की ‘एक्स’ हे कारकुनावर सोडू नका. लिहून दिलेल्या कागदाची पोच घ्या.

मुलाचं नाव आता आवडत नाही. दुरुस्तीत बदलून मिळेल का?

ही दुरुस्ती नव्हे, नावातला बदल आहे. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्र, म्हणजे गॅझेट. पण जन्मनोंद ही जन्मावेळच्या वस्तुस्थितीची नोंद असल्यामुळे नुसतं गॅझेट दाखवून निबंधक सहसा ती बदलत नाहीत. जन्माचा दाखला आणि गॅझेट, असे दोन्ही कागद पुढे जोडीने वापरावे लागतात. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तिथली वाट वेगळी.

आईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. मुलाच्या दाखल्यावर कोणतं बरोबर?

हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे आणि तो फक्त बायकांच्या वाट्याला येतो. लग्नात नाव बदललं, तर शाळेच्या दाखल्यावर ‘मंगल’ आणि सासरी ‘वैशाली’ असते. मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात वैशाली सांगितलं गेलं, तर नोंद चुकीची नाही; ती बाई त्या नावाने ओळखली जात होती. अशा वेळी मुलाची नोंद बदलण्यापेक्षा आईची दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करणारा कागद बनवणं शहाणपणाचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट. एकदा केलेला हा कागद सगळ्या मुलांना आणि तिच्या स्वतःच्या पेन्शनपर्यंत सगळीकडे चालतो.

मुलाची नोंद अजून व्हायची असेल, तर आईच्या शाळेच्या दाखल्यावरचं किंवा आधारवरचं नावच सांगा.

अविवाहित आईला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे की तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाला जन्माचा दाखला द्यायचा.

वडिलांची जन्मतारीख सगळीकडे १ जून आहे. खरी वेगळी आहे. काय करू?

आपल्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेली पिढीच्या पिढी आहे. जूनमध्ये शाळा सुरू होई, वयाची अट भरलेली दिसावी म्हणून गुरुजी ती तारीख टाकत. आईवडिलांनाही ‘पुराच्या साली’, ‘दुष्काळात’ एवढंच आठवायचं.

माझं स्पष्ट मत: आयुष्यभराचे सगळे कागद एकमेकांशी जुळत असतील, तर म्हातारपणी ती तारीख हलवू नका. एक कागद बदलला की बँक, पेन्शन, विमा, जमीन सगळीकडे तफावत उभी राहते. राज्य सरकारी नोकरीत तर जन्मतारखेच्या बदलाचा अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. निवृत्तीच्या तोंडावर केलेले अर्ज न्यायालयंही फेटाळतात.

तरुण माणसाचं निराळं. जन्मनोंदीत खरी तारीख आहे आणि शाळेत चुकीची लागली, तर शाळेची दुरुस्त करा, आणि दहावीच्या आत करा. मुख्याध्यापक प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. शाळा सोडल्यावर काहीच होत नाही असं पूर्वी ठामपणे सांगत, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २०१९ मध्ये उघड लेखनचूक नंतरही दुरुस्त करता येते असं ठरवलं आहे.

आधारवर तारीख बरोबर आहे, मग जन्माच्या दाखल्याची काळजी कशाला?

कारण आधार हा ओळखीचा पुरावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या पुराव्यासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्यांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि ठिकाणाचा पुरावा धरला जातो. लहान बाळाच्या दाखल्यातली चूक आजच काढा. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी जन्मदाखला दुरुस्त, मग आधार. उलट क्रम लावलेल्यांची फार अडचण होते.

मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं आहे. वारसनोंद अडली.

मृत्यूची नोंद घर दुःखात असताना होते. स्मशानातला पास, दवाखान्याचा फॉर्म, जो धावपळ करतो त्याने सांगितलेलं नाव. दत्तात्रय गेले, पण सगळा गाव त्यांना दत्तू म्हणायचा, म्हणून कागदावरही दत्तू लागतो.

इथे दोन वाटा आहेत. दाखल्यातच चूक असेल तर कलम १५ प्रमाणे दुरुस्ती: मृताचं आधार, पासबुक, दवाखान्याचे कागद आणि दोन साक्षीदार. पण दाखला बरोबर आहे आणि सातबारावर ‘दत्तू बाळा’ आहे, तर दाखला बिघडवू नका. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. सातबारावर लिहिताना हस्तदोष झाला असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

मृत्यूचं कारण दाखल्यावर छापलेलं नसतं, आणि ते उघड करायला कायद्याने मनाई आहे. कारण असतं वैद्यकीय प्रमाणपत्रात, नमुना ४ किंवा ४ अ मध्ये. ते चुकलं असेल तर ज्या डॉक्टरांनी सही केली त्यांच्याकडेच जावं लागतं. २०२३ पासून या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्या, विम्याला लागते.

आजोबांची १९७० पूर्वीची नोंद कुठे मिळेल?

गाव नमुना नंबर १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून ही दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. त्यांत बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. चूक समजून ती दुरुस्त करायला जाऊ नका. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि वंशावळ जोडून वापरा.

नोंदच सापडत नाही असं सांगितलं.

आधी वेगवेगळ्या नावांनी शोध घ्यायला सांगा: बापाचं नाव, आईचं नाव, ‘बेबी ऑफ’, मागचं-पुढचं वर्ष, शेजारच्या गावाची वही. तरीही नसेल तर नोंद अनुपलब्ध असल्याचा दाखला, नमुना १०, घ्या आणि मग विलंबित नोंदणीची वाट धरा. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने या प्रक्रियेचे निकष बरेच कडक केले आहेत, त्यामुळे पुरावे भक्कम हवेत.

निबंधकाने नकार दिला तर?

नकार लेखी मागा. तोंडी ‘होत नाही’ याविरुद्ध कुठेच जाता येत नाही. २०२३ च्या सुधारणेने कलम २५ अ आणलं. त्यानुसार ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, तिथे समाधान झालं नाही तर राज्याच्या मुख्य निबंधकाकडे, आणि अपिलाचा निर्णय ९० दिवसांत द्यायचा असतो. हे जिल्हा निबंधक जन्म-मृत्यूचे. दस्त नोंदणी आणि मुद्रांकवाले जिल्हा निबंधक वेगळे. चुकीच्या दारात अर्ज टाकून तीस दिवस संपलेले लोक मी पाहिले आहेत.

लेखी नकारही देत नसतील तर आवक-जावक विभागात अर्ज देऊन पोच घ्या आणि महिन्याभराने माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली’ असं विचारा.

एजंट घ्यावा का?

नको. त्याच्याकडे जास्तीचा कुठलाही अधिकार नसतो, आणि बनावट कागद जोडला गेला तर नाव तुमचं येतं.

मी परदेशात आहे. दुरुस्ती कशी करू?

भारतातल्या जवळच्या नातेवाइकाच्या नावाने अधिकारपत्र करून ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा. जुना हस्तलिखित दाखला परदेशात अनेकदा नाकारला जातो, म्हणून दुरुस्तीबरोबर संगणकीकृत दाखला मागा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकुराचा. अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचं सरकारी साक्षांकन, सगळ्यात शेवटी करा. आधी अपोस्टिल आणि मग स्पेलिंगची चूक लक्षात आली, तर नव्या दाखल्यावर ते पुन्हा करावं लागतं. दाखला हातात पडल्यावर पासपोर्ट शेजारी ठेवा आणि प्रत्येक अक्षर बोटाने जुळवून बघा: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, जन्मगाव.